लेडीज कलाकाराच्या हाती कागद द्या

प्रति,
झाडीपट्टीतील सर्व नाट्यमंडळांचे मालक व व्यवस्थापक,
तसेच गावोगावच्या मंडई (दिवाळीनंतरची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) व नाट्य समित्यांचे अध्यक्ष आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

पोळा झाला. आता नाट्यमंडळांची कार्यालयं असलेल्या वडशात तारखांसाठी धावपळ सुरू होईल. दिवाळी आटोपली की धान निघालेल्या बांध्यांमध्ये मंडप पडतील आणि होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्र रात्र नाटकं रंगतील. एकदा हंगाम लागला की तुम्हाला श्वास घ्यायला सवड नसते, म्हणून त्याआधीच लिहिते आहे. मागणी एकच आहे. यंदापासून प्रत्येक लेडीज कलाकाराशी लेखी करार करा. नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे किती, किती प्रयोगांची हमी, पैसे कोणत्या दिवशी, आजारी पडली किंवा प्रयोग रद्द झाला तर काय, येण्याजाण्याची आणि मुक्कामाची सोय कोणाची, एवढं एका पानावर लिहा. खाली दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत तिच्या हाती द्या.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, हे शहरातलं खूळ मास्तरीणबाईंनी कुठून आणलं? ते मी आणलं जुन्या बोलपटांतल्या गाणाऱ्या नटी शांता आपट्यांकडून. आजच्या मुलांना त्यांचं नाव माहीत नाही, पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हे नाव घराघरात होतं. त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या मंडपातल्या बाईची आणि त्यांची गोष्ट अनेक ठिकाणी एकच आहे.

शांताबाई 1916 सालच्या, दुधनीच्या. पंढरपुरात गाणं शिकल्या. लहान वयात पुण्याच्या गणेशोत्सवांत गाऊ लागल्या. घरचा व्यवहार आणि त्यांच्या कामाची बोलणी थोरले भाऊ बाबूराव पाहत. 1932 साली भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर'मध्ये त्यांना राधेचं काम दिलं, कृष्ण होते शाहू मोडक. तेव्हा बोलपट जेमतेम वर्षभराचं बाळ होतं. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला तो 14 मार्च 1931 रोजी, आणि पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला 1932च्या फेब्रुवारीत.

बोलपट आला आणि नटीचं कामच बदलून गेलं. मूकपटात चेहरा आणि हालचाल असली की भागत होतं. आता आवाज हवा, भाषा हवी, गळा हवा. सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स यांच्यासारख्या मोठ्या तारकेला थांबून हिंदुस्थानी बोलायला शिकावं लागलं. आणि गाण्याची सोय तर ऐकाच. पार्श्वगायन रूढ होण्याआधी जी बाई पडद्यावर दिसे तीच कॅमेऱ्यासमोर गात असे. वाजवणारे झाडामागे नाहीतर चौकटीच्या बाहेर दबून बसत, वरून माईक टांगलेला असे, अंगावर दिव्यांची धग असे. सूर चुकला तर सगळं चित्रण पुन्हा. आपल्या मंडपात रात्री दोन वाजता, डिसेंबरच्या थंडीत, डोक्यावर लोंबणाऱ्या माईककडे मान वर करून ऑर्गनच्या साथीवर गाणारी बाई तुम्ही रोज पाहता. त्या काळातल्या नटीचं काम कसं असेल हे मुंबईच्या माणसापेक्षा तुम्हाला जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं.

1934 साली शांताबाई प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये आल्या. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तीच ती जागा. तिथे सगळे पगारी. नट, नटी, सुतार, रंगारी, सगळे महिन्याच्या पगारावर, आणि करार असेपर्यंत दुसरीकडे काम करायचं नाही. 'अमरज्योती' 1936चा, दुर्गा खोट्यांबरोबर. आणि मग 1937 साली 'कुंकू'.

'कुंकू'वर मी थोडी रेंगाळणार आहे. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तो व्ही. शांतारामांनी केला, हिंदीत त्याचंच 'दुनिया न माने' झालं. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न मामा-मामी फसवून एका म्हाताऱ्या बिजवर वकिलाशी लावून देतात. लग्न लागतं, पण नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. ती माहेरी पळून जात नाही की विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहते आणि रोज नाही म्हणते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा लागू होऊन तेव्हा आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती. तो कायदा मुलीचं वय किमान चौदा आणि मुलाचं किमान अठरा असावं एवढंच सांगत होता, नवरा जास्तीत जास्त किती वर्षांचा असावा याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणजे नीराच्या बाजूने कायदाही नव्हता आणि घरातलं माणूसही नव्हतं. केशवराव दात्यांनी तो म्हातारा असा उभा केलाय की त्याचा रागही येतो आणि शेवटी त्याच्यासाठी पोटात कालवतंही. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे जे खरे आवाज असतील तेच ऐकू येतात. आणि या साऱ्याच्या मध्ये विशीतल्या शांताबाई, भुवया आक्रसून, हनुवटी वर करून, एकेक शब्द ठासून बोलताना. सावत्र मुलगा नको ती लगट करायला येतो तेव्हा नीरा छडीने त्याला फोडून काढते.

हा प्रसंग मी माझ्या मावशीला मोबाईलवर दाखवला होता. मावशीने झाडीपट्टीत उमेदीची सगळी वर्षं काम केलं. ती म्हणाली, "नाटकात मीपन मारलं असतं बाप्पा. नाटकाच्या मागं कोनाले मारू?" तिच्या त्या प्रश्नामुळेच हे पत्र लिहायला बसले.

पडद्यावरच्या नीराला बळ कुठून आलं, हे शांताबाईंचं पुढचं आयुष्य पाहिलं की कळतं. 1938चा 'गोपाळकृष्ण' झाला. पुढच्या वर्षी करार आणि पैसा यांवरून कंपनीशी त्यांचं बिनसलं. तेव्हा बाकीच्या नट्यांनी केलं असतं ते, म्हणजे घरी बसून रडणं किंवा कोणा वजनदार माणसाकडून रदबदली, त्यांनी केलं नाही. त्या स्टुडिओच्या दारात जाऊन उपोषणाला बसल्या. देशभर गाजलेली नटी, जिचे फोटो लोक भिंतीला लावत, ती फाटकाशी उपाशी बसली आहे. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. लोकांना हा तमाशा वाटला, काहींनी त्यांना तोंडाळ म्हटलं, माथेफिरू म्हटलं. पण बाईचं म्हणणं साधं होतं. मी इथे काम करते, आणि कामाच्या अटी दोन्हीकडून पाळल्या गेल्या पाहिजेत. कलेची सेवा, घरच्यासारखी कंपनी, गुरूचे उपकार, हे सगळे शब्द बाजूला ठेवून त्या कामगारासारख्या दारात बसल्या. हिंदी-मराठी चित्रपटाच्या इतिहासात हा क्षण मला 'कुंकू'इतकाच मोठा वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

त्या प्रभातमधून बाहेर पडल्या आणि 1940 साली त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' सिनेमात यावं की नाही असं विचारणाऱ्या मुलींना त्यांनी या धंद्याची आतली बाजू उघड करून दाखवली. पैसा कुणाच्या हातात असतो, करार कोण लिहितो, नटीला कसं वापरून घेतात, हे सगळं. त्या काळी नटीने मुलाखतीत गोड बोलायचं आणि आत्मचरित्र लिहायचंच तर म्हातारपणी, असा रिवाज. शांताबाईंनी ते चोविशीत, ऐन भरात असताना लिहून टाकलं. त्यातलं सगळं मला पटतं असं नाही, त्यांचा स्वर काही ठिकाणी फार कडक होतो. पण पुढे येणाऱ्या मुलीला आधीच सावध करावं ही त्यामागची तळमळ खरी आहे. आपल्या भागात एकाही बाईने असं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि लिहिण्यासारखं तर ढीगभर आहे.

प्रभात सोडल्यावर त्या संपल्या असं कुणी समजू नये. 1941 साली त्यांनी तमिळ 'सावित्री'त काम केलं, त्यासाठी तमिळ शिकल्या. त्या चित्रपटात नारदाचं काम एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी केलं होतं. 1942 साली लाहोरला जाऊन 'जमीनदार' केला. 1946च्या 'सुभद्रा'त त्यांच्याबरोबर गायला होती कोवळ्या वयाची लता मंगेशकर. पुढे कामं लहान होत गेली, काळ बदलला, पार्श्वगायन रुळलं आणि गाणाऱ्या नटीची गरज उरली नाही. 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्या गेल्या, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांची मुलगी नयना आपटे यांनी पुढे मराठी रंगभूमी गाजवली, ते तुम्ही जाणताच.

आता आपल्याकडे येते.

आपल्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत आणि सुरुवातीच्या नाटकांत बाईचं काम पुरुषच करत. यात लाजण्यासारखं काही नाही. फाळक्यांच्या 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही तारामती झाले होते साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला या दोघी पडद्यावर आल्या, तेव्हा कुठे बाईचं काम बाई करू लागली. आपल्याकडे तो दिवस बराच उशिरा उजाडला. पहिल्या ज्या बाया आल्या त्यांनी काय काय ऐकलं, सोसलं, ते गावातल्या जुन्या माणसांना विचारा. आज त्या नसतील तर तुमचं एकही नाटक उभं राहणार नाही. पोस्टरवर पहिला फोटो तिचा असतो. गावात रिक्षा फिरते तेव्हा पुकारा तिच्या नावाचा होतो. तिकीटविक्रीचा हिशेब तुम्हीच मला सांगा.

आणि तरी तिच्या हातात कागदाचा एक तुकडा नसतो. मुंबई-पुण्याची नावाजलेली नटी आणली की आगाऊ रक्कम, गाडी, राहण्याची चांगली खोली, सगळं आधी ठरतं. गावची किंवा नागपूरची कलाकार असली की "आपलीच आहे, बघून घेऊ." माझ्या मावशीचं हेच झालं. एका हंगामात मध्येच तिला ताप भरला. चार-पाच प्रयोग बुडाले. हंगामाच्या शेवटी हिशेबाला बसली तर झालेल्या प्रयोगांच्याही पैशांत कपात, आणि त्याचं कारण विचारायला जागा नाही. कोणत्या मंडळात झालं ते मी सांगणार नाही. ते मंडळ आता नाही, आणि मला एकाच्या अंगावर धावून जायचं नाही. हे सगळीकडे होतं म्हणून लिहिते आहे. मी मावशीला विचारलं होतं, कागद का नाही केला? तिचं उत्तर, "कागद कायले पायजे? आपलेच मानसं हायेत."

काका, दादा, तुम्ही आपलेच आहात, म्हणून तर कागद सोपा आहे. परक्याकडून तो मागताना भांडावं लागतं.

यापेक्षा मोठा घाव पुढे बसला. ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे. अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. मावशीकडे काय होतं? दोन पोस्टरं, तीही उंदरांनी कुरतडलेली, त्यात एकावर नुसतं पाळण्यातलं नाव. प्रमाणपत्र द्यायला मंडळ उरलेलं नाही, मालक वारले. आयुष्यभर हजारो माणसांसमोर उभी राहिलेली बाई, आणि ती कलाकार होती हे कागदावर कुठेच नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत आज शिल्लक नाही, पण नायिका झुबेदा त्यात होत्या हे आपण ठामपणे सांगू शकतो, कारण जाहिराती, फोटो, छापील पुस्तिका उरल्या. आपली नाटकं तर त्या रात्रीच विरून जातात, त्यांचं चित्रणही कोणी जपत नाही. मग निदान कागद तरी नको का?

तुमच्या अडचणी मला दिसतात. समिती नाटक ठोक रकमेला घेते, पाऊस आला की प्रेक्षक येत नाही, समिती पैसे थकवते, मग मालक कलाकाराचे थकवतो. म्हणूनच हे पत्र मी समित्यांनाही लिहिते आहे. नाटक ठरवताना व्यवस्थापकाला एवढंच विचारा, तुमच्या कलाकारांशी करार झालेत का? आणि ठरलेल्या रकमेतला कलाकारांचा हिस्सा त्याच रात्री, पडदा पडल्यावर, व्यवस्थापकाच्या हाती पोचेल असं बघा. शंकरपटाच्या इनामाची रक्कम आपण चोख देतो. तिथे कोणी "पुढच्या मंडईला बघू" म्हणत नाही.

दुसरी शंका अशी येते की करार केला तर कलाकार हंगामभर बांधली जाईल, किंवा उलट, जास्त पैसे देणाऱ्याकडे निघून जाईल. इथे दुर्गा खोट्यांकडे बघा. त्यांच्या घरची श्रीमंती बुडाली, पहिल्याच चित्रपटावर टीकेचं मोहोळ उठलं. पण पुढे त्या प्रभातमध्येही होत्या आणि कलकत्त्याच्या कंपन्यांतही. एकाच कंपनीची पगारी म्हणून त्या राहिल्या नाहीत. कोणाचं त्यामुळे वाटोळं झालं? 1983 साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. आपल्या करारातही तारखा स्पष्ट लिहा. त्या तारखांना ती तुमची, बाकीच्या तारखांना ती मोकळी. भांडणं कमी होतील, कारण आज निम्मी भांडणं तोंडी कबुलीवरूनच होतात.

आणि मावशीच्या त्या प्रश्नाबद्दल. नाटकाच्या मागे कोणाला मारू, म्हणाली ती. कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा, त्याला भोकं. दारू पिऊन मागच्या बाजूला घुसणारे गावचे टगे, आणि त्यांना अडवायचं सोडून हसणारे कार्यकर्ते. तुमच्यापैकी ज्यांच्या मंडपात असं होत नाही त्यांचे मी आभार मानते, तशी मंडळं आहेत आणि मी ती पाहिली आहेत. पण बाकीच्यांनी ऐकावं. 2013चा कायदा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध आहे आणि नाटकाचा मंडप हे बाईचं कामाचं ठिकाण आहे. दहापेक्षा कमी माणसं जिथे काम करतात तिथल्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती मंडपाच्या मागच्या बाजूला, आरशाजवळ, मोठ्या अक्षरांत लावा. कपडे बदलण्याची खोली पक्की हवी, आतून कडी लागणारी. शाळेची खोली द्यायची असेल तर मी मुख्याध्यापकांशी बोलेन.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांना किती अभिमान वाटला! गावोगावी फलक लागले. तो मान सगळ्या झाडीपट्टीचा होता, असं आपणच म्हणत होतो. मग त्या झाडीपट्टीत हंगामाच्या सुरुवातीला घर सोडून, लेकरं सासूकडे ठेवून, टेम्पोच्या मागे बसून रात्रीचा प्रवास करणाऱ्या बायाही आल्या.

मी एका पानाचा मसुदा तयार केला आहे, साध्या मराठीत, वकिली भाषा टाळून. नाव, तारखा, नाईट, आजारपण, प्रवास, पोस्टरवर पूर्ण नाव छापण्याची अट, आणि हंगाम संपल्यावर काम केल्याचं पत्र द्यायची अट, एवढंच त्यात आहे. एका वकिलांकडून तपासून घेतला आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांना त्याच्या प्रती मी स्वतः आणून देईन. काही बदलावंसं वाटलं तर बदलूया, पण ती बाई समोर बसलेली असताना बदलूया. आमच्या गावच्या समितीने यंदा करार दाखवणाऱ्या मंडळालाच मंडईची तारीख द्यायचं ठरवावं, असा अर्ज मी ग्रामसभेत देणार आहे. इतर गावांतल्या बहिणींनी, विशेषतः बचत गटांतल्या बायांनी, आपापल्या ग्रामसभेत तोच अर्ज द्यावा. मंडपात पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्या निम्म्या तर आपणच असतो.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
झाडीपट्टीतील एक शिक्षिका आणि नाटकाची जुनी प्रेक्षक